विश्लेषण : डार्विन यांच्या डोळ्यांदेखत काचेचा कण गायब कसा झाला? कीटकभक्षी वनस्पतींच्या वेगाचे कोडे

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून जगाला हादरवणारे चार्ल्स डार्विन त्यानंतर अनेक वर्षे किडे खाणाऱ्या झाडांच्या मागे होते. त्यांनी झाडांना मांस, दूध, अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग, इतकेच काय, नागाचे विषही देऊन पाहिले. झाड खाते कसे, हे त्यांना कळले. ते इतक्या वेगाने हलते कसे, याचे उत्तर मात्र त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी मिळू लागले.

५६ पाने, त्यांतल्या ३१ वर किडे

१८६० सालचा उन्हाळा. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या एका ओलसर माळावर डार्विन यांना एक छोटे रोप दिसले. जमिनीला चिकटून पसरलेली नाण्याएवढी गोल पाने, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला दवासारखा चमकणारा चिकट थेंब. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ड्रोसेरा. आपल्याकडेही ती आढळते आणि मराठीत तिला दवबिंदू म्हणतात.

त्या थेंबांना किडे चिकटलेले होते. हे काही नवे नव्हते, अनेकांनी ते आधी पाहिले होते. डार्विन यांनी फक्त एक जादा गोष्ट केली, त्यांनी मोजले. हाताला लागली ती १२ रोपे त्यांनी घेतली. त्यांवर पूर्ण उमललेली ५६ पाने होती. त्यांतल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. निम्म्याहून अधिक पानांवर किडे सापडतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. मग झाडाला या किड्यांचे करायचे काय असते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि पुढची १५ वर्षे तो काही पूर्णपणे बाहेर पडला नाही.

त्या वेळी डार्विन यांच्या आयुष्यात काय चालले होते?

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी येथे झाला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्याला एडिंबराला धाडले, तिथे त्याचे मन रमले नाही. मग केंब्रिज. त्यानंतर १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावरून जगप्रदक्षिणा. १८३९ मध्ये एमा वेजवुड यांच्याशी लग्न, १८४२ मध्ये लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावातल्या घरात मुक्काम. पुढची ४० वर्षे, म्हणजे शेवटपर्यंत, ते त्याच घरात राहिले. हा भाग बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो.

१८६० मधली परिस्थिती मात्र तितकीशी सांगितली जात नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले आणि वादाचा धुरळा उडाला. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्यावर गाजलेली खडाजंगी झाली तेव्हा डार्विन स्वतः तिथे नव्हते. पोटाच्या जुनाट आजाराने ते हैराण होते आणि जलोपचार घेत होते. त्याहून मोठी काळजी घरात होती. मुलगी हेन्रिएटा त्या वर्षी तापाने अंथरुणाला खिळली होती. १८५१ मध्ये दहा वर्षांची अ‍ॅनी आणि १८५८ मध्ये तान्हा मुलगा चार्ल्स, अशी दोन मुले या घराने नजीकच्या काळात गमावलेली होती. त्यामुळे १६ वर्षांच्या हेन्रिएटाचा ताप म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर होता.

एमा यांच्या बहिणी ससेक्समध्ये राहत. तिथल्या मुक्कामातच दवबिंदू भेटली. शरद ऋतूत मुलीला हवापालट म्हणून कुटुंब ईस्टबर्न या समुद्रकाठच्या गावी गेले, तेव्हा प्रयोगही बरोबर गेले. पुस्तकावरून टीकेचा भडिमार होत असताना, मुलीच्या तब्येतीत आज उतार तर उद्या चढ असताना, हा माणूस पानावरचे केस किती वाकले ते भिंगातून पाहत बसे. नवरा या रोपाला जिवंत प्राण्यासारखे वागवतो आहे आणि बहुधा ते प्राणीच आहे असे सिद्ध करून थांबेल, अशा अर्थाची थट्टा एमा यांनी एका पत्रात केली होती. खुद्द डार्विन यांनी भूशास्त्रज्ञ मित्र चार्ल्स लायेल यांना कळवले, की सध्या जगातल्या साऱ्या प्रजातींच्या उगमापेक्षा त्यांना या एका रोपाची जास्त फिकीर आहे. यातला विनोद सोडला, तरी काळजीच्या त्या महिन्यांत या रोपाने त्यांना सावरले असावे असे वाटते.

झाड किडे खाते, यावर विश्वास का नव्हता?

झाड माती, पाणी, हवा यांवर जगते आणि प्राणी झाडांवर, ही उतरंड त्या काळी पक्की मानली जात होती. झाडाने प्राण्याला खाणे म्हणजे उलटी गंगा. १७५९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी किडा शिवताच मिटणाऱ्या एका झाडाची नोंद केली होती. तेच आजचे व्हीनस फ्लायट्रॅप. जॉन एलिस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने दहाएक वर्षांनी त्याचे वर्णन लिनियस यांना पाठवले आणि झाड किड्यांवर पोसत असावे अशी शंकाही मांडली. वनस्पतींच्या नामकरणाचे जनक असलेले लिनियस चकित झाले, पण पटले नाही. किडा शांत झाला की पान त्याला सोडून देते, असे त्यांनी मानले. डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन स्वतः वनस्पतीप्रेमी आणि कवी. त्यांचाही समज असा होता की हे सापळे फुलाच्या रक्षणासाठी आहेत.

म्हणजे नातवापुढचे काम दुहेरी होते. पान किड्याला पकडते हे दाखवणे सोपे होते. ते त्याला पचवते, हे दाखवणे अवघड.

दवबिंदूच्या पानावर डार्विन यांनी जे सापडेल ते ठेवले. मांसाचे तुकडे, मेलेल्या माश्या, दूध, लघवी, कागद, लाकूड, काच. नायट्रोजन असलेल्या पदार्थांवर केस वाकत आणि वाकलेलेच राहत, काचेसारख्या निरुपयोगी वस्तूंना ते लवकर सोडत. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे बारीक चौकोनी तुकडे पानावर ठेवले तर त्यांच्या कडा विरघळत जात, अगदी पोटातल्या पाचक रसात विरघळाव्यात तशा. रसात अल्कली मिसळली की पचन थांबे, आम्ल घातले की पुन्हा सुरू होई. आपल्या जठरातही असेच घडते.

आकड्यांच्या बाबतीत हा माणूस हट्टी होता. ३१ पानांवरचे केस त्यांनी मोजले, सरासरी निघाली १९२. केसाची संवेदनशीलता पाहायला माणसाच्या डोक्यावरच्या केसाचा इतका बारीक तुकडा ठेवला की त्याचे वजन एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरले. तरी पानाचा केस वाकला. मात्र पाण्याचे थेंब वरून कितीही पडले तरी पान ढिम्म. पावसाळी माळावर राहणाऱ्या झाडाने प्रत्येक थेंबाला दाद दिली असती तर ते दमूनच मेले असते. आपलेच निष्कर्ष पाहून डार्विन धास्तावले होते, असे त्यांची पत्रे सांगतात. इतक्या हलक्या स्पर्शाला झाड प्रतिसाद देते, हे कोण खरे मानणार?

कदाचित म्हणूनच त्यांनी घाई केली नाही. ऑर्किड, वेली, पाळीव प्राणी, माणसाची उत्पत्ती अशी एकामागून एक पुस्तके होत राहिली आणि ड्रोसेराची टिपणे १८७२ पर्यंत कपाटात पडून राहिली.

नागाचे विष आणि विजेचा झटका

दुसऱ्या फेरीत प्रयोगांची व्याप्ती वाढली. जोसेफ फेरर या डॉक्टरांनी कलकत्त्यात भारतीय विषारी सापांवर मोठे काम केले होते. त्यांच्याकडून डार्विन यांना नागाचे विष मिळाले. ज्या विषाने प्राण्याच्या चेतासंस्थेला लकवा बसतो, त्याने दवबिंदूचे पान मेले तर नाहीच, उलट उत्तेजित झाले. केस वाकले, स्राव वाढला. पानात प्राण्यांसारखे चेतातंतू नाहीत, याचीच ही एक खूण होती. पण मग एका टोकाला झालेल्या स्पर्शाची वर्दी दुसऱ्या टोकाला पोहोचते कशी?

यासाठी त्यांनी मोर्चा वळवला व्हीनस फ्लायट्रॅपकडे. हे झाड जगात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना राज्यांतल्या एका छोट्या किनारी पट्ट्यात निसर्गतः उगवते. क्यू येथील शाही उद्यानाचे संचालक आणि डार्विन यांचे जिवलग मित्र जोसेफ हुकर रोपे पुरवत. पानाची रचना उघड्या पुस्तकासारखी. दोन पाळ्या, मध्ये शिर, कडेला लांब दाते आणि प्रत्येक पाळीच्या आतल्या बाजूला साधारण तीन बारीक केस. या केसांना स्पर्श झाला की पुस्तक फटकन मिटते.

इथे डार्विन यांनी टिपलेला एक फरक फार मोलाचा आहे. दवबिंदूच्या केसाला अत्यंत हलका पण टिकून राहणारा दाब कळतो. फ्लायट्रॅपचा केस बरोबर उलटा. त्यावर अलगद काही ठेवले तर तो दाद देत नाही, झटक्यात झालेला स्पर्श मात्र लगेच ओळखतो. कारण शिकारीच्या पद्धतीत आहे. दवबिंदूकडे गोंद आहे, किडा चिकटलेला आहे, तिला तासभर लागला तरी बिघडत नाही. फ्लायट्रॅपकडे गोंद नाही. किडा चालत आला आहे आणि पुढच्या क्षणी उडून जाणार आहे. त्यामुळे या झाडाचे पोट भरणे सर्वस्वी वेगावर अवलंबून आहे.

१८७३ मध्ये डार्विन यांच्या सूचनेवरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन सँडरसन यांनी पानाला विद्युत उपकरणे जोडली. केसाला स्पर्श होताच पानात विजेची एक लहर उमटली, प्राण्याच्या स्नायूत आकुंचनाच्या वेळी उमटते तशी. चेतातंतू नसताना विद्युत संदेश! आज आपण त्याला अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणतो. वनस्पतीतली अशी लहर मोजण्याची ही पहिली वेळ होती.

या संदेशातली मोजदाद पुढे स्पष्ट होत गेली. डार्विन यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, जॉन मॅकफर्लेन यांनी दाखवले की सर्वसाधारणपणे एका स्पर्शाने पान मिटत नाही, दोन लागतात. दुसरा स्पर्श साधारण २० सेकंदांच्या आत झाला पाहिजे. एखादी काडी पडली तर स्पर्श एकच होतो, किडा चालला तर दोन-तीन होतात. २०१६ मध्ये जर्मन संशोधकांनी हे गणित पुढे नेले. मिटलेल्या पानात किडा धडपडत राहिला आणि स्पर्शांची संख्या पाचच्या आसपास गेली, की मगच पाचक रसाची यंत्रणा जोरात सुरू होते. खोट्या शिकारीवर रस खर्च करायचा नाही, असा हा हिशेब.

हिशेबाचा असाच एक भाग डार्विन यांनी आधीच ओळखला होता. पान मिटले तरी कडेच्या दात्यांमध्ये काही काळ फटी राहतात. त्यांतून चिमुकले किडे निसटावेत आणि मोठे अडकावेत, अशी ही योजना असावी असे त्यांना वाटले. अमेरिकेतल्या विल्यम कॅन्बी यांनी शिकारीसह १४ पाने पाठवली. चौदापैकी चार पानांत मुंग्यांसारखे लहान जीव निघाले, उरलेल्या दहांत भुंगेरे, जाडजूड कोळी, गोम असे मोठे. एका पानाला शिकार पचवायला कित्येक दिवस लागतात आणि एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकते. मग चिलटासाठी सापळा अडवून ठेवण्यात काय हशील?

काळे ठिपके आणि उलटणारी छत्री

पान पचवते कसे आणि त्याला कळते कसे, हे असे उलगडत गेले. आता राहिला खरा यांत्रिक प्रश्न. पानात स्नायू नाहीत. मग ते हलते कशाच्या जोरावर?

डार्विन यांनी यासाठी केलेला प्रयोग साधा आणि देखणा होता. पानाच्या एका पाळीचा काही भाग कापून त्यांनी मधली शीर नीट दिसेल अशी केली, तिच्याजवळ पानाच्या वरच्या पृष्ठभागावर बारीक काळे ठिपके काढले आणि सूक्ष्ममापकाने त्यांच्यातले अंतर मोजले. पाळी मिटल्यावर ठिपके जवळ आलेले दिसले. म्हणजे आतल्या बाजूचा थर आकसतो. मिटताना पाळ्यांचा आकार बदलतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. निरीक्षणे चोख होती. पण थर आकसतो एवढ्याने वेगाचा हिशेब लागत नव्हता.

का, ते समजायला स्वयंपाकघरात जावे लागेल. झाडाच्या पेशींची हालचाल मुख्यतः पाण्यावर चालते. पेशीत पाणी शिरले की ती फुगते, गेले की आकसते. पण पाण्याला पेशींच्या थरांतून झिरपायला वेळ लागतो आणि थराची जाडी दुप्पट झाली तर हा वेळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. मसूर लवकर भिजते आणि हरभऱ्याला रात्र लागते, त्यात या जाडीचा मोठा वाटा असतो. लाजाळू पाण्याच्या या हालचालीवरच मिटते आणि तिला सेकंदभर तरी लागतो. फ्लायट्रॅपच्या मिटण्याचा मुख्य टप्पा सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. त्या जाडीच्या पानात पाणी इतक्या झटपट इकडून तिकडे जाणे अवघड. म्हणजे पाणी हे काम एकटे करत नसणार.

याचे उत्तर २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. योएल फोर्टेर, जान स्कोथाइम, जाक द्युमे आणि एल. महादेवन हे त्याचे लेखक. महादेवन हे हार्वर्डमधले गणिती, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. यांनीही पानावर ठिपकेच काढले! फरक इतकाच की ठिपके अतिनील प्रकाशात चमकणारे होते आणि समोर अतिवेगवान कॅमेरे होते.

त्यांना दिसले ते असे. उघड्या सापळ्याची प्रत्येक पाळी सपाट नसते, ती बाहेरच्या बाजूला वळलेली, आतून पाहिले तर फुगीर असते. मिटल्यावर तीच पाळी आतून खोलगट होते. मधली हालचाल एकसारखी नाही. आधी सुमारे एक तृतीयांश सेकंद पाळी सावकाश वळते, मग दहाव्या भाग सेकंदात बहुतांश अंतर झेपावते, मग पुन्हा सावकाश.

पावसाळ्यात वाऱ्यात छत्री धरणाऱ्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. वारा जोर लावत असतो, काड्या थोड्या थोड्या वाकत असतात, छत्री तग धरून असते. एक क्षण येतो आणि ती फटकन उलटते. वाऱ्याचा जोर त्या क्षणी अचानक वाढलेला नसतो. ताण आधीपासून साठत असतो, उलटताना तो एकदम मोकळा होतो. केसांना लावायची टिकटॉक क्लिप याच तत्त्वावर चालते. पानातले पाणी आणि पेशींच्या भिंती वाऱ्याचे काम करतात, म्हणजे पानाला हळूहळू उंबरठ्यापर्यंत नेतात. तिथून पुढची उडी त्याच्या वक्र आकारात साठलेली लवचीक ऊर्जा मारून देते.

अभियंते याला बकलिंग म्हणतात आणि त्याला फार घाबरतात. खांब अचानक बाकणे किंवा टाकीचा पत्रा आत दबणे म्हणजे रचना फसली. अभ्यासक्रमात बकलिंग टाळायचे कसे, हेच मुख्यतः शिकवतात. झाडाने तीच फजिती हत्यार म्हणून वापरली आहे. पान जितके मोठे, वक्र आणि पातळ, तितका हा झटका जोरदार बसतो.

उंबरठ्यापर्यंत ढकलणारी शक्ती नेमकी कशी निर्माण होते, त्यात पाण्याचा वाटा किती आणि पेशीभित्ती सैल होण्याचा किती, यावर अजून वाद आहे. २०२० मध्ये एका जर्मन चमूने मोजमापे आणि संगणकीय प्रारूपे जुळवून दाखवले की बाहेरचा थर प्रसरण पावणे आणि आतला आकसणे या दोन्ही गोष्टी धरल्या तर हालचाल नीट जुळते. पाणी कमी पडलेली पाने नीट झेपावत नाहीत, कारण ती मुळात ताणलेलीच नसतात. थोडक्यात, डार्विन यांच्या काळ्या ठिपक्यांनी अर्धी गोष्ट बरोबर सांगितली होती. उरलेली अर्धी पाहायला वेगवान छायाचित्रण लागले असते. धावत्या घोड्याची टप्प्याटप्प्याची छायाचित्रे एडवर्ड मायब्रिज यांनी काढली ती १८७८ मध्ये, डार्विन यांच्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी.

‘इन्सेक्टिव्हरस प्लान्ट्स’ आणि एक चूक

हे पुस्तक, ‘इन्सेक्टिव्हरस प्लान्ट्स’, जुलै १८७५ मध्ये आले. चित्रे काढायला जॉर्ज आणि फ्रान्सिस या मुलांनी हातभार लावला. आकडे, तापमान, द्रावणांचे प्रमाण यांनी ते खच्चून भरले आहे. सलग वाचायला ते सोपे नाही, हे मान्यच करावे लागेल.

त्यात एक कच्चा दुवा होता. झाड किडे पचवते हे ठीक, पण त्याचा झाडाला फायदा होतो का? टीकाकारांनी नेमके हेच विचारले. फ्रान्सिस यांनी दवबिंदूच्या रोपांचे दोन गट केले. एका गटाला भाजलेल्या मांसाचे बारीक तुकडे दिले, दुसऱ्याला उपाशी ठेवले. मांस मिळालेल्या रोपांना जास्त फुले आली आणि बियाही कितीतरी जास्त धरल्या. १८७८ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि वडिलांच्या मांडणीतली मोठी फट मुलाने बुजवली.

दुसरी अडचण मात्र घरातल्या कुणालाच सोडवता आली नाही. ती होती युट्रिक्युलॅरिया या वनस्पतीची. तिला मुळे नसतात. तिच्या पाण्यातल्या फांद्यांवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पारदर्शक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाला आत उघडणारी झडप. पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव सापडत, म्हणजे हाही सापळाच. पण जीव आत जातो कसा? डार्विन यांनी झडपेला सुईने, केसाने डिवचून पाहिले, काही हालचाल दिसली नाही. त्यामुळे त्यांनी निष्कर्ष काढला की हे जीव डोके पाचरीसारखे घुसवून स्वतःच आत शिरतात.

आणि तरीही एक विचित्र गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. झडपेवर त्यांनी निळ्या काचेचे बारीक कण ठेवले होते, निळे अशासाठी की सहज ओळखू यावेत. सुईने एक कण हलवत असताना तो एकाएकी दिसेनासा झाला. आपल्याच हाताने उडाला असेल असे त्यांना वाटले. पिशवी तपासली तर कण आत सुखरूप होता. फ्रान्सिस यांनी हिरव्या लाकडाचे चिमुकले तुकडे ठेवले, त्यांच्या बाबतीतही तेच घडले. हे कसे होते, ते बापलेकांना सांगता आले नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी मेरी ट्रीट राहत. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, निसर्गविषयक लेखनावर पोट भरणाऱ्या. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि पुस्तकात त्यांचा नामोल्लेखही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून त्यांनी पाहिले की जीव झडपेजवळच्या केसांना लागतो आणि क्षणात आत ओढला जातो. तो घुसत नाही, गिळला जातो. या मुद्द्यावर डार्विन चुकले होते आणि ट्रीट बरोबर होत्या.

युट्रिक्युलॅरिया आपल्याला परकी नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात निळ्या-जांभळ्या फुलांचा जो गालिचा पसरतो, ज्याला सीतेची आसवे म्हणतात, ती याच कुळातली. लोक फुलांचे फोटो काढतात आणि पायाखालच्या ओल्या मातीत हजारो सापळे टपून बसलेले असतात. शेजारच्या ओल्या कातळावर दवबिंदूही सापडते.

डार्विन यांनी १८८० मध्ये फ्रान्सिसच्या साथीने वनस्पतींच्या हालचालींवर आणखी एक पुस्तक काढले, १८८१ मध्ये गांडुळांवर. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरी त्यांचे निधन झाले. गावातच दफन व्हावे अशी कुटुंबाची इच्छा होती, पण त्यांना वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जागा मिळाली. ‘इन्सेक्टिव्हरस प्लान्ट्स’ची दुसरी आवृत्ती १८८८ मध्ये फ्रान्सिस यांनी आपल्या टिपणांची भर घालून काढली.

मग निळ्या काचेचा कण गेला कसा?

२०११ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल आणि जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या संशोधकांनी युट्रिक्युलॅरियाच्या पिशवीवर अतिवेगवान कॅमेरा लावला. पिशवी शिकारीआधी बराच वेळ तयारी करते. तिच्या भिंती आतले पाणी बाहेर उपसत राहतात, आतला दाब कमी होतो आणि पिशवीच्या बाजू गालफडे आत ओढल्यासारख्या खोल जातात. झडप बाहेरच्या बाजूला फुगून तोंड घट्ट बंद ठेवते. एवढा ताण साठवून ती वाट पाहते.

झडपेवरच्या केसाला धक्का लागला की तिचा फुगवटा उलटतो. इथेही तेच बकलिंग, तीच छत्री. बाहेर फुगलेली झडप आत वळते, दार उघडते, दबलेल्या भिंती मोकळ्या होतात आणि पाण्याचा लोट समोर असेल ते घेऊन आत घुसतो. हे सगळे एका मिलिसेकंदाहून कमी वेळात होते. आत ओढल्या जाणाऱ्या जीवाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट त्वरण सोसावे लागते. माणसाची पापणी लवायला याच्या किमान शंभरपट वेळ लागतो.

म्हणजे सुईने कण सरकवताना डार्विन यांनी नकळत सापळ्याचा घोडा दाबला होता. झडप उघडून पुन्हा बंदही झाली, तेव्हा ते तिच्याकडेच टक लावून पाहत होते.